सुरी लावण्यापूर्वीं

विरारहून चर्चगेटला जाणारी लोकल फलाटावर उभी असते. डबे गच्च भरलेले, दारांत माणसें लटकलेलीं, आणि जो तो घड्याळाकडे पाहत असलेला. अशा वेळीं शेवटच्या डब्यांतला गार्ड घंटीचे ठराविक टोले देतो. पार पुढच्या टोंकाला बसलेला मोटरमन ते ऐकतो, तसेच टोले उलट देतो, आणि मगच गाडी हलते. विजेची गाडी विरारपर्यंत येऊन पोंचली ती १९३६ सालीं. या गाडीनें नोकरीला जाणाऱ्या वसईकरांच्या तीन-चार पिढ्या होऊन गेल्या, परंतु या टोल्यांकडे कान देणारा प्रवासी विरळाच. वीस वीस वर्षें गाडी हांकलेल्या मोटरमनला ती घंटी ऐकून आपल्या कौशल्याचा अपमान झाला असें वाटत नाहीं. 'माझें काम मला समजतें, मला विचारणारा तूं कोण?' असें तो म्हणत नाहीं. विचारणें आणि उत्तर देणें हा त्याच्या कामाचाच एक भाग आहे.

ही साधी रीत शस्त्रक्रियागृहांत शिरावयास मात्र एकविसावें शतक उजाडावें लागलें. माणसाची शुद्ध हरपवून त्याच्या पोटावर सुरी चालवावयाची, हें काम गाडी हांकण्याहून कमी जोखमीचें खास नव्हे. तें करणारे डॉक्टर विद्वान असतात, सिस्टर अनुभवी असतात, उपकरणें मोलाचीं असतात. तरीहि 'रुग्ण तोच ना? बाजू तीच ना? औषध दिलें ना?' असे प्रश्न सर्वांच्या कानांवर पडतील अशा आवाजांत विचारण्याची शिस्त बहुतेक ठिकाणीं नव्हती. सारा भरंवसा ज्याच्या त्याच्या स्मरणशक्तीवर होता.

जगांत वर्षाकाठीं किती मोठ्या शस्त्रक्रिया होतात याचा एक अंदाज २००८ सालीं प्रसिद्ध झाला. तो आंकडा २३ कोटि ४० लाखांच्या घरांत होता; म्हणजे पृथ्वीवरील दर पंचवीस माणसांमागें वर्षाला सुमारें एक. पुढारलेल्या देशांतील रुग्णालयांत सुद्धां शेंकडा ३ ते १६ शस्त्रक्रियांत कांहींतरी मोठा बिघाड होतो असें दिसून आलें, आणि त्यांतले निदान निम्मे बिघाड टाळतां येण्यासारखे असतात असें जागतिक आरोग्य संघटनेचें म्हणणें पडलें.

टाळतां येण्यासारखे म्हणजे कसे, हें एका उदाहरणानें समजेल. जखमेंत पू होऊं नये म्हणून रुग्णाला प्रतिजैविक औषधाचें इंजेक्शन देतात. सुरी लावण्याच्या आधीं साठ मिनिटांच्या आंत तें दिलें तर ऐन वेळीं रक्तांत त्याचें बळ पुरेसें असतें. त्याहून फार आधीं दिलें तर तें उतरून गेलेलें असतें. उशीरानें दिलें तर जंतूंना शिरकाव मिळून गेलेला असतो. ही गोष्ट प्रत्येक डॉक्टरास ठाऊक आहे. पण आधीच्या रुग्णाची शस्त्रक्रिया लांबते, वेळा पुढें-मागें होतात. वॉर्डांत इंजेक्शन दिलें असेल असें शस्त्रक्रियागृहांतील मंडळी समजतात, शस्त्रक्रियागृहांत देतील असें वॉर्डांतील सिस्टर समजते, आणि औषध ट्रेमध्यें तसेंच पडून राहतें. यांत अज्ञान कोणाचेंच नाहीं. दुर्लक्ष म्हणावें, तर तेंहि कोणा एकाचें नाहीं. दोन शहाण्या माणसांच्या मधल्या फटींतून एक साधी गोष्ट खालीं पडली, एवढेंच.

ही फट बुजविण्याचा उपाय ज्या मंडळींनीं शोधला त्यांचे प्रमुख डॉ. अतुल गावंडे हे अमेरिकेंतील बोस्टन शहराचे सर्जन. त्यांचा जन्म १९६५ सालीं ब्रुकलिन येथें झाला. परंतु त्यांचें घराणें यवतमाळ जिल्ह्यांतील उटी या खेड्यांतलें. वडील डॉ. आत्माराम गावंडे हे उटीच्या एका शेतकऱ्याचे चिरंजीव. ते शिकून परदेशीं गेले आणि ओहायओ राज्यांतील अथेन्स या लहानशा गांवीं मूत्रविकारांचे सर्जन म्हणून त्यांनीं नांव मिळविलें. गांवाला मात्र ते विसरले नाहींत. उमरखेड येथें त्यांच्या मातोश्री गोपिकाबाई यांच्या नांवानें जें महाविद्यालय उभें राहिलें, त्याच्या पाठीशीं याच घराण्याचें साहाय्य होतें. मराठी घरांतून परदेशीं गेलेल्या मुलांच्या मिळकतीच्या गोष्टी पुष्कळ कानांवर येतात. या घरांतल्या मुलानें सर्व जगाच्या हातीं जें दिलें तें एक कागदाचें पान होतें, आणि त्या पानावर एकोणीस बाबी होत्या.

२००६ सालाच्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेनें डॉ. गावंडे यांना विचारलें, कीं शस्त्रक्रियेंतील मृत्यू सर्व देशांत कमी होतील असा कांहीं उपाय सांपडेल काय? श्रीमंत देशाला परवडेल आणि गरीब देशाला परवडणार नाहीं असा उपाय चालणार नव्हता. नवीं यंत्रें सुचवावीं तर पैसा कोठून आणावयाचा? नवें शिक्षण सुचवावें तर वर्षें लागणार. शोध करितां करितां ही मंडळी जेथें येऊन पोंचली तें ठिकाण वैद्यकाच्या पार बाहेरचें होतें. तें विमानांचें.

३० आक्टोबर १९३५ रोजीं अमेरिकेंतील डेटन शहराजवळच्या राइट फील्ड या विमानतळावर बोइंग कंपनीच्या एका नव्या प्रचंड लढाऊ विमानाची परीक्षा होती. चार इंजिनें असलेलें तें विमान दिमाखानें वर चढलें, थोड्याच उंचीवर डगमगलें आणि कोसळून पेटलें. वैमानिक मेजर हिल हे सैन्यांतील अत्यंत अनुभवी गृहस्थ. ते आणि आणखी एक जण त्यांत दगावले. चौकशींत यंत्राचा दोष निघाला नाहीं. विमान जमिनीवर उभें असतां वाऱ्यानें मागचे पंख हलूं नयेत म्हणून जो अडसर लावून ठेवतात, तो उडण्यापूर्वीं काढावयाचा राहून गेला होता. हें विमान एका माणसाच्या आवांक्याबाहेरचें आहे असें लोक म्हणूं लागले. परंतु कांहीं वैमानिकांनीं वेगळा विचार केला. मेजर हिलना विमान उडविण्याचें शिक्षण कमी पडलें असें म्हणणें हास्यास्पदच होतें; त्यांच्याहून अधिक शिकलेला माणूस आणावयाचा कोठून? तेव्हां त्यांनीं एका लहानशा पत्रिकेवर उडण्यापूर्वींच्या, उडतांनाच्या व उतरण्यापूर्वींच्या गोष्टी लिहून काढल्या, आणि त्या दर वेळीं वाचून तपासावयाच्या असा नियम केला. तेंच विमान पुढें बी-१७ या नांवानें बारा हजारांवर बनलें आणि दुसऱ्या महायुद्धांत गाजलें.

आपल्याकडील वैद्यकालाहि पूर्वतयारी कांहीं नवी नाहीं. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत पांचवा अध्याय 'अग्रोपहरणीय' या नांवाचा आहे. आधीं काय काय जवळ आणून ठेवावें हाच त्याचा विषय. यंत्रें, शस्त्रें, कापूस, कापड, दोरा, मध, तूप, पंखा, ऊन पाणी, गार पाणी, इतकेंच काय, पण प्रेमळ, स्थिरचित्त व बळकट असे मदतनीस, हें सर्व त्या यादींत येतें. आजचा शोध आमच्या पूर्वजांनीं आधींच लावला होता असें म्हणण्याचा मोह येथें पुष्कळांस होईल, पण तो आवरलेला बरा. सुश्रुतांची यादी वस्तूंची आहे. डॉ. गावंडे यांच्या पानावर मुख्यतः आहेत ते बोलावयाचे शब्द. कोणी कोणाला काय विचारावयाचें आणि कोणी उत्तर द्यावयाचें, तें. वस्तु जवळ असून शब्द न बोलल्यामुळें माणूस दगावतो, हा अनुभव गर्दीच्या मोठ्या रुग्णालयांचा, आणि म्हणून अलीकडचा.

तें पान जून २००८ मध्यें प्रसिद्ध झालें. त्यांत काम तीनदां थांबविण्यास सांगितलें आहे. पहिला थांबा भूल देण्यापूर्वीं, दुसरा सुरी लावण्यापूर्वीं, आणि तिसरा रुग्णाला शस्त्रक्रियागृहाबाहेर नेण्यापूर्वीं. एकेका थांब्याला एखाद-दुसऱ्या मिनिटाहून अधिक वेळ लागूं नये अशीच त्याची रचना आहे.

पहिल्या थांब्याला रुग्ण जागा असतो, आणि पहिला प्रश्न त्यालाच असतो. तुमचें नांव काय, कोणती शस्त्रक्रिया व्हावयाची आहे, कोणत्या बाजूला, आणि तुमची संमति आहे ना? हा प्रश्न पुष्कळांना बालिश वाटतो. वसईच्या मनुष्याला तो तसा वाटूं नये. या भागांत डिमेलो, लोपीस, डाबरे, तुस्कानो, पाटील, म्हात्रे हीं आडनांवें किती घरांतून आहेत हें सांगावयास नको. आणि बाप्तिस्म्याचीं किंवा बारशाचीं नांवें तरी अशीं कितीशीं निराळीं असतात? एकाच सकाळीं एकाच वॉर्डांत एकाच नांवाचे दोन रुग्ण, एकाचा हर्निया डावा व दुसऱ्याचा उजवा, ही कांहीं कादंबरींतली कल्पना नव्हे. म्हणून नांव पुरें विचारावयाचें, तें केस-पेपराशीं ताडून पाहावयाचें, आणि ज्या जागीं शस्त्रक्रिया व्हावयाची त्या जागीं शाईची खूण आहे कीं नाहीं तें पाहावयाचें. मग भूल देण्याचें यंत्र व औषधें तपासलीं काय? बोटाला पल्स ऑक्सिमीटर लावला आहे काय व तो चालतो आहे काय? २०२० सालच्या कोरोनाच्या सांथींत हें चिमट्यासारखें यंत्र घरोघरीं आलें, तेव्हां तें काय करतें हें सांगण्याचें कारण उरलेलें नाहीं. पुढें, रुग्णाला एखादें औषध सोसत नाहीं काय? श्वासनलिकेंत नळी घालणें अवघड जाईल काय? अर्ध्या लिटरहून अधिक रक्त जाण्याचा संभव आहे काय, आणि असल्यास त्याची तरतूद झाली आहे काय?

दुसरा थांबा सर्वांत चमत्कारिक, आणि सर्जन मंडळींना सर्वांत अवघड गेलेला. रुग्णाला भूल चढलेली आहे, कातडी औषधानें पुसून झाली आहे, दिवे लागले आहेत, आणि सुरी हातांत घेण्याच्या ऐन क्षणाला सर्वांनीं हात थांबवून एकमेकांना आपलें नांव व काम सांगावयाचें. रोज एकत्र काम करणाऱ्यांनीं हें कशाला करावें, असा प्रश्न कोणीहि विचारील.

त्याचें उत्तर वसई-विरारमध्यें चटकन् सांपडतें. वसई गांवांतील सर डी. एम. पेटिट रुग्णालय किंवा बंगली येथील कार्डिनल ग्रेशस रुग्णालय यांसारखीं मोठीं व जुनीं नांवें सोडलीं, तर या शहराच्या वस्तीचा बराचसा भार लहान लहान शुश्रूषागृहांवर आहे. २००९ सालीं येथें महानगरपालिका झाली, २०११ च्या शिरगणतींत वस्ती बारा लाखांवर भरली, आणि नालासोपाऱ्यापासून विरारपर्यंत इमारतींच्या तळमजल्यावर किंवा पहिल्या मजल्यावर दहा-पंधरा खाटांचीं शुश्रूषागृहें उभीं राहिलीं. अशा ठिकाणीं सर्जन बहुधा स्वतःच मालक असतात. भूल देणारे डॉक्टर फोन केल्यावर दुसऱ्या शुश्रूषागृहांतून स्कूटरवर येतात व तिसऱ्या ठिकाणीं जावयाच्या घाईंत असतात. सिस्टर कदाचित् गेल्याच आठवड्यांत कामावर लागलेली असते. यांत गैर कांहीं नाहीं. लहान शुश्रूषागृहांना भूलतज्ज्ञ कायमचा पदरीं ठेवणें परवडत नाहीं, आणि हे फिरते डॉक्टर नसते तर गरीबांच्या कितीएक शस्त्रक्रिया मुंबईपर्यंत जाण्यांतच राहून गेल्या असत्या. परंतु त्या टेबलाभोंवतीं उभीं असलेलीं चार माणसें पुष्कळदां एकमेकांना नांवानें ओळखत नाहींत, ही गोष्ट खरी राहते.

आणि ज्याचें नांव ठाऊक नाहीं त्याला हांक कशी मारावयाची? नव्या सिस्टरच्या लक्षांत आलें, कीं सरांच्या हातमोज्याला टांचणीएवढें भोंक पडलें आहे. ती बोलेल काय? आपल्या समाजांत लहानानें मोठ्याची चूक दाखवावयाची नाहीं हें घरापासून शिकविलेलें असतें, आणि शस्त्रक्रियागृहांत सर्जनपेक्षां मोठें कोण? ज्या मुलीनें त्या दिवशीं एकही शब्द उच्चारलेला नाहीं, तिचा पहिला शब्द 'सर, थांबा' हा असणें जवळ जवळ अशक्यच. पण जिनें दोन मिनिटांपूर्वीं सर्वांसमक्ष आपलें नांव सांगितलें आहे, तिला कंठ फुटलेला असतो. एकदां तोंड उघडलें म्हणजे दुसऱ्यांदा उघडणें सोपें जातें, या इतक्या बारीक गोष्टीवर तो थांबा उभा आहे.

नांवें झाल्यावर रुग्ण, शस्त्रक्रिया व जागा यांचा पुन्हां उच्चार होतो; प्रतिजैविक औषध तासाभराच्या आंत दिलें आहे ना हें विचारलें जातें; सर्जन अवघड प्रसंग कोणता येऊं शकेल तें सांगतो, भूलतज्ज्ञ आपली काळजी सांगतो, सिस्टर उपकरणें निर्जंतुक झाल्याची खात्री देते. तिसऱ्या थांब्याला कात्र्या, सुया, गॉजचे तुकडे मोजून ते पुरे भरले हें सिस्टर मोठ्यानें सांगते, आणि तपासणीस पाठवावयाच्या तुकड्याच्या बाटलीवर रुग्णाचें नांव वाचून दाखविते. हा शेवटचा भाग लोकांना किरकोळ वाटतो. एकाची गांठ दुसऱ्याच्या नांवावर गेली तर कॅन्सर कोणाला आहे आणि उपचार कोणावर होतील, याचा विचार केला म्हणजे तो किरकोळ राहत नाहीं.

या पानाची परीक्षा आठ शहरांत झाली. टोरांटो, लंडन, सिॲटल व ऑकलंड हीं श्रीमंत देशांतलीं. नवी दिल्ली, मनिला, अम्मान व टांझानिया देशांतील इफाकारा हीं त्या मानानें गरीब देशांतलीं. दिल्लीचें रुग्णालय सेंट स्टीफन्स हें होतें. पान वापरण्यापूर्वींचे ३,७३३ व नंतरचे ३,९५५ रुग्ण मोजले गेले. जानेवारी २००९ मध्यें आलेला निकाल असा, कीं मृत्यूचें प्रमाण शेंकडा १.५ वरून ०.८ वर आलें, आणि मोठे बिघाड शेंकडा ११ वरून ७ वर. योग्य वेळीं प्रतिजैविक मिळणारे रुग्ण शेंकडा ५६ होते ते ८३ झाले. नवें यंत्र आलेलें नव्हतें. एवढ्या स्वस्त वस्तूनें एवढा फरक पडल्याचें पाहून पुष्कळांना संशयच आला, आणि तो येणें स्वाभाविक होतें.

याच परीक्षेच्या शेवटीं डॉक्टर व सिस्टर मिळून अडीचशे जणांना त्यांचें मत विचारलें होतें. पांचांतल्या एकाला हें पान वापरणें सोपें वाटलें नव्हतें, वेळ खाणारें वाटलें होतें. मग त्यांना आणखी एक प्रश्न विचारला: उद्यां तुमच्यावरच शस्त्रक्रिया व्हावयाची असेल तर तें पान वापरावें असें वाटतें काय? शेंकडा ९३ जणांनीं होय म्हणून सांगितलें. दुसऱ्याच्या पोटासाठीं जें झंझट, तें स्वतःच्या पोटासाठीं संरक्षण! मनुष्यस्वभावाचा इतका प्रामाणिक नमुना वैद्यकाच्या मासिकांत क्वचितच छापला गेला असेल.

स्वतः डॉ. गावंडे यांनाहि हें पान आपल्या शस्त्रक्रियागृहांत वापरतांना आपल्याला याची गरज पडेलसें वाटलें नव्हतें. इतरांस सांगतों आणि स्वतः करीत नाहीं असा बोल येऊं नये म्हणून त्यांनीं तें सुरू केलें. 'द चेकलिस्ट मॅनिफेस्टो' या २००९ सालच्या पुस्तकांत त्यांनीं आपल्याच हातची एक चूक लिहिली आहे. मूत्रपिंडावरील ग्रंथींतली गांठ काढीत असतां त्यांच्या हातून जवळची महाशीर फाटली. रक्ताचा लोट सुरू झाला, रुग्णाचें हृदय थांबलें. तो रुग्ण जगला तो मुख्यतः जवळ रक्त तयार होतें म्हणून. आणि तें तयार होतें याचें कारण असें, कीं सुरुवातीच्या थांब्याला रक्ताविषयीं प्रश्न विचारला गेला, ठरलेलें रक्त रक्तपेढींत काढून ठेवलेलेंच नाहीं हें उघडकीस आलें, आणि तें मागवून घेतलें गेलें. त्या रुग्णाची एका डोळ्याची दृष्टि बहुतांशीं गेली. सर्जननें आपल्या चुकीची अशी हकीगत आपल्याच नांवानें छापावी, हें त्या पानाइतकेंच दुर्मिळ आहे.

येथपर्यंतची हकीगत ऐकून हें पान म्हणजे रामबाण उपाय आहे असें कोणी समजेल, तर त्यानें कॅनडांतील ऑण्टारिओ प्रांताचा अनुभव ऐकावा. तेथील सरकारनें पान वापरलेंच पाहिजे असा दंडक घातला. १०१ रुग्णालयांतील दोन लाखांवर शस्त्रक्रियांचा हिशेब २०१४ सालीं प्रसिद्ध झाला. पान वापरल्याचे कागद जवळ जवळ सर्वत्र होते. मृत्यूचें प्रमाण शेंकडा ०.७१ होतें तें ०.६५ झालें, म्हणजे फरक पडला असें म्हणतां येण्याजोगा पडलाच नाहीं. उलट अमेरिकेंतील साउथ कॅरोलायना राज्यांत जीं चौदा रुग्णालयें पुष्कळ महिने शिकवणी घेऊन, आपल्या सोयीप्रमाणें पान बदलून, सर्जनांना एकेकटें भेटून, हें काम शेवटास नेऊं शकलीं, तेथें शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू शेंकडा २२ नीं उतरल्याचें २०१७ सालीं दिसून आलें. पान तेंच होतें.

आपल्या देशांतला अनुभव याहून कठोर आहे. बाळंतपणासाठीं असेंच एक पान करून तें उत्तर प्रदेशांतील १२० आरोग्यकेंद्रांच्या परीक्षेंत, निम्म्या केंद्रांवर, वापरलें. दीड लाखांवर बाळंतिणींचा हिशेब ठेवला गेला. केंद्रांतील परिचारिकांना शिकविणारे लोक येत होते तोंपर्यंत ठरलेल्या गोष्टी पुष्कळ अधिक पाळल्या गेल्या. ते येईनासे झाल्यावर पाळणें उतरलें. आणि आया व बाळें यांच्या मृत्यूंत फरक दिसला नाहीं. हा निकालहि २०१७ सालचाच, आणि तोहि डॉ. गावंडे यांच्याच मंडळींनीं कांहींहि न लपवितां छापला. अडचणींत सांपडलेल्या बाळंतिणीस जेथून पुढें नेण्याची सोयच नीट नाहीं, तेथें नुसतें पान काय करणार?

या दोन निकालांवरून पान निरुपयोगी ठरतें असें म्हणणारे आहेत. त्यांचें म्हणणें पटण्यासारखें नाहीं. ज्यांनीं एखादें शस्त्रक्रियागृह दुरून जरी पाहिलें असेल त्यांना ऑण्टारिओचें कोडें सुटावयास वेळ लागणार नाहीं. शस्त्रक्रिया संपते, रुग्ण बाहेर जातो, आणि मग कोणीतरी सिस्टर टेबलाशीं बसून एकोणीसच्या एकोणीस चौकोनांत एका दमांत बरोबरच्या खुणा करते. कागद पुरा होतो, फाईलला लागतो, तपासणीस आलेल्या अधिकाऱ्याला दाखवितां येतो. गार्डानें गाडी चर्चगेटला पोंचल्यावर विरारचे टोले दिल्यासारखेंच तें आहे. भारतांत रुग्णालयांना मानांकन देणारी जी एन. ए. बी. एच. नांवाची संस्था आहे, तीहि असल्या पडताळ्याचा आग्रह धरते, आणि पुष्कळ रुग्णालयें तो मनापासून करितात. परंतु मानांकनाच्या भिंतीवरील चौकटीवरून आंत शब्द बोलले जातात कीं नुसत्या खुणा होतात, हें कळण्यास मार्ग नाहीं.

तो मार्ग थोडासा उघडा आहे तो रुग्णाच्या बाजूनें. कारण पहिल्या थांब्याला रुग्ण जागा असतो. येथें घरच्या माणसांनाहि काम आहे, आणि तें फारसें अवघड नाहीं. कोणत्या औषधानें कधीं अंगावर पुरळ उठला होता, रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे काय, दांत खोटे आहेत काय, सकाळीं चोरून घोटभर चहा घेतला होता काय, हें सारें एका कागदावर मराठींत लिहून बरोबर न्यावें. चहाचें विशेषच, पोट रिकामें नसतां भूल दिली तर पोटांतलें फुप्फुसांत जाण्याचा धोका असतो, आणि वडील माणसें तो घोट कबूल करण्यास फार संकोचतात. शस्त्रक्रियेच्या जागीं शाईची खूण केली नसेल तर ती करण्याविषयीं डॉक्टरांना विनयानें सांगावें. चांगल्या डॉक्टरांना याचा राग येत नाहीं. ज्यांना येतो त्यांच्याविषयीं तेवढी माहिती आधींच मिळाली, तर तिचाहि उपयोगच आहे.

आणि सर्वांत मोठें काम म्हणजे त्या प्रश्नांचा कंटाळा न करणें. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठीं आणलेल्या एखाद्या आजींना भरती होतांना नांव विचारलें जातें, वॉर्डांत विचारलें जातें, ट्रॉलीवर घेतांना विचारलें जातें. चौथ्या वेळीं शस्त्रक्रियागृहाच्या दाराशीं हिरव्या टोपींतली सिस्टर वांकून पुन्हां म्हणते, 'आजी, पूर्ण नांव सांगा. कोणता पाय?' बरोबर आलेली सून कातावून म्हणते, 'अहो, किती वेळां सांगावयाचें? फाईलमध्यें सगळें लिहिलेलें आहे ना!' फाईलमध्यें लिहिलेलें असतेंच. सिस्टर सुनेकडे न पाहतां आजींच्या तोंडाकडे पाहत थांबते. आजी पांघरुणाखालून हात काढून उजव्या गुडघ्यावर ठेवतात, नांव सांगतात, गांव सांगतात, आणि न विचारतां नवऱ्याचेंहि नांव सांगून टाकतात. मग ट्रॉली आंत जाते.